पट्टीवरचा लाल आकडा

या पानावर येणारे अनुभव मी नेमाने वाचतो... आणि वाचून मनसोक्त हसतो, खोटं कशाला बोलू! पिंपळाखालची बाई, बंद खोलीतलं पैंजण — बायकोला मोठ्याने वाचून दाखवतो आणि वर म्हणतो, "यांना कुणीतरी कामाला लावा गं." तर आता तीच पाळी माझ्यावर आलीय. हसायचं असेल तर खुशाल हसा, मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

माझा धंदा सर्व्हेचा. जमीन मोजणे, रस्ता मोजणे, चढ-उतार काढणे. वय चोपन्न, राहणार नाशिक, मुक्काम सिडको. आमच्या धंद्यात माणूस भुताला भीत नाही, कुत्र्याला भितो. स्मशानाच्या भिंतीला टेकून मी डबा खाल्लेला आहे, तोही एकट्याने, आणि नंतर तिथेच वामकुक्षीही केली आहे. आकडा दिसला की खरं, नाही दिसला की खोटं — इतका सरळ माझा हिशेब. देवाला नमस्कार करतो, पण तोही घरच्यांनी ढोसलं की.

आता मेट्रो. नाशिककरांना हा शब्द नुसता ऐकवला तरी हसू येतं, बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आमची मेट्रो पहिल्यांदा जाहीर झाली तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. तेव्हा ती जमिनीखालून जाणार होती... भुयारातून! पेपरात रंगीत चित्रं आली, सरकते जिने, काचेचे दरवाजे. मग कुणाला तरी खर्च आठवला, आणि मेट्रो भुयारातून उठून पुलावर गेली. निवडणूक झाली. मग म्हणाले रूळ नकोत, टायरवर धावेल. पुन्हा निवडणूक झाली. मग टायरवाली म्हणजे काय, नुसती लांब बसच की, म्हणून विरोधकांनी बोंब मारली. आणि आता सिंहस्थाचं निमित्त झालं, तसं परत म्हणू लागले की जुन्या गावात आणि नदीखालून भुयारच बरं. म्हणजे गाडी न धावताच एक फेरी पूर्ण झाली.

प्रत्येक घोषणेबरोबर एक सर्व्हे होतो. नवी एजन्सी, नवं कव्हर, नवा लोगो. आणि काम करायला शेवटी मी! मोठ्या एजन्सीवाले पुण्या-मुंबईचे, त्यांना मखमलाबाद आणि म्हसरूळ यातला फरक कळत नाही, मग शोधत शोधत माझ्याकडे येतात. चार घोषणांपैकी तीन सर्व्हेत मी होतो. आमच्या सोसायटीत मला "मेट्रोवाले काका" म्हणतात, आणि म्हणताना तोंड दाबून हसतात.

पुढचं समजायला तुम्हाला माझं काम दोन मिनिटं समजून घ्यावं लागेल. कंटाळू नका. लेव्हल घेणे म्हणजे काय — तिपाईवर दुर्बीण ठेवायची, समोर एका माणसाने चार मीटरची रंगवलेली पट्टी उभी धरायची, आणि दुर्बिणीतल्या आडव्या रेघेवर पट्टीचा जो आकडा येईल तो वहीत लिहायचा. आकडा मोठा तर जमीन खाली, आकडा लहान तर जमीन वर. झालं. यात एकच गोम आहे. पट्टीवर बारीक आकडे काळे असतात आणि मीटरचा आकडा लाल. पट्टी जवळ असली की दुर्बिणीत ती जेमतेम वीतभर दिसते, काळा आकडा दिसतो पण लाल दिसत नाही. मग पट्टीवाल्याला ओरडायचं, "लाल दाखव!" की तो पट्टी सावकाश वर उचलतो, आणि खालचा लाल आकडा दुर्बिणीत येतो. एक आहे की दोन ते तेव्हा कळतं. हे न करता अंदाजाने लिहिलं, तर चूक एका सेंटिमीटरची होत नाही... सरळ एका मीटरची होते. आमच्या धंद्यात शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी हे सांगतात.

तर ही गोष्ट अलीकडचीच. काम मखमलाबाद गावाच्या अलीकडे, जिथे मळ्यांमधून एक रस्ता नदीकडे उतरतो तिथे. नव्या आराखड्यात भुयार नदीखालून येऊन तिथे तोंड वर काढणार. माझ्यासोबत माझा पट्टीवाला दगूभाऊ. हा सायखेड्याचा, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, पट्टी एका हाताने धरतो आणि दुसऱ्या हाताने तंबाखू मळतो. किती वेळा सांगितलं, दोन्ही हातांनी धरा. "साहेब, पट्टी पडली का आजवर?" असं वर मलाच विचारतो.

एजन्सीच्या साहेबाचा हुकूम स्पष्ट होता — फक्त रस्त्याच्या लेव्हल घ्या, मळ्यांच्या घेऊ नका, त्या आपल्याकडे आहेत. चारही सर्व्हेत त्याच आल्यात. मधे एकदा ड्रोनसुद्धा उडवला होता म्हणे, पण त्या पट्ट्यात सगळी झाडी आणि शेडनेट, त्याला जमीन दिसली नाही. शेवटी तो नारळात अडकला आणि काढायला मळ्यातलाच माणूस चढवावा लागला.

सकाळी दहाच्या सुमारास तिपाई लावत होतो, तेवढ्यात एका घरातून हाक आली.

"आले का मेट्रोवाले? या, चहा ठेवलाय!"

रस्त्यालगत पत्र्याचं घर, पुढे दगडी ओटा, मागे विहीर आणि पंधरा गुंठे झेंडू. हाक मारणाऱ्या सुमनताई — साठीच्या, नाकात चमकी, मांडीवर झेंडूचा ढीग, आणि हात असे चालत होते की हार आपोआप लांब होतोय असं वाटावं. फुलबाजारात त्यांचा रोजचा गाळा. मला ओळखलं त्यांनीच.

"तुम्ही पहिल्या टायमाला पण आलते ना? केस गेले सगळे!"

"मेट्रोच्या काळजीने गेले, ताई."

त्या खळखळून हसल्या. मग भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे मान केली. "आमचे हे. रामभाऊ. तवा तुमच्यासंगं पट्टी धरायला होते आठ दिवस. तुमचा माणूस आजारी पडलेला, म्हणून इथलंच कुणी पाहिजे म्हणालात. लय हौस हो त्यांना! घरी येऊन झाडूचा दांडा घेऊन असे उभे राहायचे, आन मला म्हणायचे, वाच आकडा. दोन वर्सं झाली जाऊन."

मला फोटोतला चेहरा आठवला नाही, हे कबूल करतो. आठ दिवसांचा माणूस. तोंडदेखलं "हो हो, फार चांगला माणूस" म्हणालो आणि चहा प्यालो. चहा उत्तम होता.

मग त्यांनी देव्हाऱ्यामागून एक कागद काढला. नकाशाची झेरॉक्स. भुयाराच्या तोंडाशी पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून शेजारी एक मोठं तळं खोदायचं होतं, सगळं पाणी तिकडे वळवायला. आणि ते तळं काढलं होतं बरोबर सुमनताईंच्या घरावर, विहिरीवर आणि झेंडूवर. कारण? नकाशाप्रमाणे तीच जागा सगळ्यात खोल.

"साहेब, आमचं घर खोलात हाय का? तुम्हीच सांगा. गंगेला एवढा पूर आला, दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलं, तरी आमच्या ओट्याला पाणी लागलं नाय. पलीकडं नाल्याजवळची सरकारी जागा पार बुडाली. मग तळं इथं कसं?" (गंगा म्हणजे आमची गोदावरी, आणि घाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून नाशिककर पूर मोजतात.)

"नकाशात तसं आलंय ताई."

"नकाशा चुकला आसन."

इथे माझा तोरा जागा झाला. म्हणालो, "ताई, चार वेळा सर्व्हे झालाय. चारही वेळा आकडा तोच आलाय. माणूस चुकेल, आकडा नाही चुकत."

"एकदा मोजा की परत. गुरुवारी सुनावणी हाय. लेक दिंडोरीला दिलीय, ती म्हणती ये माझ्याकडं राहायला. पण मी काय द्राक्षाच्या बागेत बसून त्यांच्या मजुरांना चहा करू का? माझा झेंडू हाय. माझी विहीर हाय. मी हार केल्याशिवाय मला दिवस गेल्यासारखा वाटत नाय हो."

हे सांगताना त्यांचे हात थांबले होते. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण हुकूम हुकूम असतो, आणि शिवाय... स्वतःच्या आकड्यांवर कुणी शंका घेतली की मी जरा कडू होतो. "बघतो" म्हणालो आणि उठलो. "बघतो" म्हणजे नाही, हे त्यांनाही कळलं. त्या टोपली घेऊन मागे मळ्यात फुलं तोडायला गेल्या.

आता नीट ऐका. रस्त्यावर तिपाई, ऊन स्वच्छ, वेळ साधारण साडेदहा. सुमनताईंच्या ओट्यापासून मी दहा-बारा पावलांवर. दगूभाऊला सांगितलं की वळणावरच्या मोरीवर, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलावर, जाऊन उभे राहा. तो पट्टी खांद्यावर टाकून गेला. मी दुर्बीण त्या बाजूला फिरवत होतो, आणि फिरवता फिरवता मध्येच दुर्बिणीत पट्टी आली. अगदी जवळ, स्वच्छ, सरळ उभी.

मनात म्हटलं, हा दगूभाऊ मोरीवर जायचा कंटाळा करून ओट्यावरच उभा राहिला वाटतं! चिडलो, पण हात सवयीचे. रेघेवर आकडा वाचला — चारशे पस्तीस. काळा आकडा स्पष्ट, लाल नाही दिसत. मी डोळा न काढता ओरडणार, "लाल दाखव", तोच...

पट्टी वर जायला लागली. मी न सांगता. सावकाश, अजिबात न हलता, सरळ वर. आणि लाल आकडा दुर्बिणीत आला. एक.

पट्टीच्या दोन्ही बाजूंना दोन तळवे दिसत होते, नमस्काराला जोडावेत तसे, मधे पट्टी. पट्टी धरायची खरी पद्धत ती हीच, पण आजकाल असं कोण धरतं? बोटांवर पिवळे डाग होते. मी मनात म्हणालो, वा, दगूभाऊ आज लाइनीवर आला! हात वर करून "ओके" दाखवलं, वहीत एक पॉइंट चारशे पस्तीस लिहिलं, शेऱ्याच्या रकान्यात "ओटा" लिहिलं.

आणि मागून आवाज आला, "साहेब, मोरीवर गाय बसलीया. उठत नाय. काय करू?"

मागे दगूभाऊ. खांद्यावर पट्टी. आमच्याकडे पट्टी एकच आहे.

मी ओट्याकडे पाहिलं. ओटा रिकामा. सुमनताईंचा अर्धा हार आणि चहाचे दोन कप. पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला तर पत्र्याची भिंत आणि तिच्यावरची खिळ्याला अडकवलेली चाळणी.

"दगूभाऊ, तुम्ही आत्ता ओट्यावर उभे होते?"

"मी? मी गायीशी बोलत होतो."

त्याला सगळं सांगितलं. चूक केली. तो पट्टी टेकवून दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "साहेब, मोजा तुमचं तुम्ही." अर्धा तास गेला त्याला समजावण्यात. मी म्हणालो, उन्हाने झालं असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल, चला, ओट्यावर पट्टी धरा, शहानिशा करू. त्यावर त्याने विचारलं, "तिथं माणूस उभा हाय म्हणता, मग मी कुठं उभा राहू?"

शेवटी नारळ फोडायचं कबूल केलं तेव्हा गडी तयार झाला. ओट्यावर उभा राहिला — आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही हातांनी पट्टी धरली! मी आकडा वाचला. चारशे पस्तीस. लाल दाखवायला सांगितलं. एक.

मिलिमीटरचाही फरक नाही. ज्या पट्टीचा आकडा मी आधी वाचला होता ती तेव्हा मोरीजवळ गायीसमोर होती.

तिथेच रस्त्याकडेला बसून हिशेब केला. ओट्याची उंची काढली आणि एजन्सीच्या नकाशातल्या उंचीशी ताडून पाहिली. फरक बरोबर एक मीटर. नव्व्याण्णव सेंटिमीटर नाही, एकशे एक नाही... एक मीटर. धंद्यातला माणूस हा फरक बघूनच ओळखतो. एक मीटरची चूक एकाच प्रकारे होते, आणि ती शिकाऊ माणसाची चूक आहे. कुणीतरी लाल आकडा पाहिला नव्हता.

संध्याकाळी घरी आलो तो तडक माळ्यावर चढलो. जुन्या वह्या मी टाकत नाही, बायको ओरडते तरी. पहिल्या मेट्रोची वही सापडली. अक्षर माझंच. त्या रस्त्याची पानं काढली आणि शेऱ्याच्या रकान्यात दिसलं, "ओटा, रामभाऊचे घर". त्याच्यासमोर आकडा दोनने सुरू होणारा. वरचे सगळे आकडे दोनवाले होते, म्हणून मी हाही दोन धरून लिहून टाकला होता. घाईत. त्या काळी दिवसाला दोन किलोमीटर लेव्हल मारतो म्हणून माझा फार माज होता. आणि हा मधला आकडा, नुसता जाता जाता घेतलेला — असल्या आकड्याची चूक शेवटच्या हिशेबात पकडली जात नाही. तो एक आकडा खोल दिसला, त्यावरून सगळ्या मळ्याचा उतार काढला गेला.

आणि ते चार सर्व्हे? चार वेळा कुणीच मोजलं नव्हतं हो! प्रत्येकाने आधीच्या नकाशावरून उतरवून घेतलं होतं, मधल्या ज्या सर्व्हेत मी दुसऱ्या टोकाला होतो त्यातही. मीच मोजलं, मीच चुकलो, आणि सगळं गाव माझी चूक नव्या कव्हरात घालत राहिलं. वर त्या बाईला मी ऐटीत सांगितलं की आकडा चुकत नाही.

वही हातात घेऊन बसलो, तेव्हा तो दिवस हळूहळू आठवला. ओट्यावर पट्टी धरून उभा असलेला काटकुळा माणूस. मी आकडा वाचला. तो म्हणाला, "साहेब, लाल दाखवू का?" आणि मी — मी त्याला म्हणालो, "तुम्ही बोलू नका. नुसती पट्टी धरा."

बायकोला सांगितलं. वाटलं होतं, हसेल. ती म्हणाली, "मग गुरुवारी जाताय ना?"

एजन्सीच्या साहेबाला फोन केला. तो म्हणाला, आत्ता हे काढू नका, सगळा आराखडा परत करावा लागेल, वरून विचारतील की चार वेळा काय केलं. शांत राहा, पुढे बघू. त्याचं "पुढे बघू" आणि माझं "बघतो" एकाच जातीचं होतं, हे मला लगेच कळलं. शिवाय इतक्या वर्षांचं नाव धुळीला मिळणार ते माझं, त्याचं काय जातं! लोक म्हणतील, मेट्रोवाल्या काकांना पट्टी वाचता येत नाही. खरं सांगतो, गुरुवारी सकाळपर्यंत मी दोनदा आजारी पडायचं ठरवलं होतं.

सुनावणी एका मंगल कार्यालयात. आदल्या दिवशीच्या लग्नाची झालर तशीच, स्टेजवर वधूवरांच्या सोफ्यात अधिकारी. पुढच्या रांगेत नेते — एक आजी, एक माजी आणि निदान पाच भावी. माजी म्हणाले मेट्रो आम्हीच आणली. आजी म्हणाले तुम्ही नुसतीच आणली, चालवणार आम्ही. एक भावी उठून म्हणाला की मुळात आमच्या प्रभागाला स्टेशन का नाही, आणि टाळ्या घेऊन बसला. तासभर हे चाललं. मग सुमनताईंचं नाव पुकारलं. त्या कागद घेऊन उठल्या, म्हणाल्या, "आमचं घर खोलात नाय." एवढंच. अधिकारी सौम्यपणे म्हणाले, "ताई, मोजणीत तसं आलंय."

मी उठलो. शेजारी बसलेल्या एजन्सीच्या साहेबाने शर्ट खेचला, वरचं बटण तुटलं.

"मोजणी चुकलीय," मी म्हणालो. "ती मी केली होती. मीच चुकलो. एक मीटरने."

पुढच्या रांगेतल्या माना एकदम मागे वळल्या. मग माजी नेते ओरडले, "म्हणजे मोजताना झोपला होतात का?"

"नाही," मी म्हणालो. "माजात होतो."

सगळे हसले. मीही हसलो, काय करणार! मग दोन्ही वह्या स्टेजवर नेऊन ठेवल्या, जुनी आणि नवी. अधिकारी भला माणूस निघाला. दुसऱ्या दिवशी स्वतः यंत्र घेऊन मळ्यात आला. दगूभाऊने पट्टी धरली, दोन्ही हातांनी. आकडा तोच आला. अधिकारी घराकडे बघून म्हणाला, "आपण पाणी चढावर वळवायला निघालो होतो की हो." पुढच्या नकाशात तळं पलीकडच्या सरकारी जागेत गेलं. सुमनताईंचं घर, विहीर, झेंडू — कशालाही रेघ लागली नाही. एजन्सीने मला मात्र परत बोलावलं नाही.

त्या अधिकाऱ्याने मला विचारलं होतं, "इतक्या वर्षांनी तुम्हाला परत मोजावंसं कसं काय वाटलं?" मी म्हणालो, ताईंनी चहा दिला म्हणून. खरी गोष्ट मंगल कार्यालयात सांगण्यासारखी नव्हती.

ती सांगितली फक्त सुमनताईंना. नवा नकाशा द्यायला गेलो होतो, दगूभाऊचा नारळही राहिला होता. त्या ओट्यावर हार करत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं — दुर्बीण, पट्टी, दोन तळवे, बोटांवरचे पिवळे डाग. वाटलं, घाबरतील, रडतील, नाहीतर मला वेड्यात काढतील. त्यांनी सुई बाजूला ठेवली आणि एकच विचारलं.

"काही बोलले का?"

"नाही ताई. नुसती पट्टी वर केली. लाल दिसेपर्यंत."

त्यांनी मांडीवरची फुलं टोपलीत सारली. मग म्हणाल्या, "नायच बोलणार. तुम्ही बोलू नका म्हणालते ना त्यांना. त्या दिवशी घरी आले ते गपच. मी म्हणलं काय झालं, तर म्हणाले, साहेबाला लाल दाखवायचा राहिला गं. नंतर तुम्ही परत आलाच नाय या वळणाला. आजारपणात पण मधीच म्हणायचे, लाल राहिला. आम्हाला काय कळणार हो... आम्ही लाल शाल आणून पांघरली त्यांच्या अंगावर."

डोळे पुसले, लाजलो नाही. फोटोसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "रामभाऊ, दिसला लाल. एक आहे." दगूभाऊने नारळ फोडला. सुमनताईंनी खोबरं वाटलं आणि मग खळखळून हसायला लागल्या, पहिल्या दिवशी हसल्या होत्या तशा.

तर असं आहे. माझ्याकडे याचं काहीही स्पष्टीकरण नाही. ऊन म्हणाल, तर उन्हाला मिलिमीटर कळत नाहीत. चष्मा म्हणाल, तर डॉक्टरांना दाखवला, नंबर तोच आहे. जुनी चूक माझ्या मनात कुठेतरी खुपत असेल म्हणाल, तर देवाशपथ, मला ती आठवतही नव्हती. आणि आठवली असती, तरी त्या दिवशी तिपाई किती उंच लावली होती, आकडा किती येणार, हे मन कुठून सांगणार? ती वही कपाटात आहे. एक पॉइंट चारशे पस्तीस, ओटा. दोनदा लिहिलंय, एकाखाली एक. पहिल्या वेळी पट्टी कुणाची होती ते तुम्हीच मला सांगा.

परवा पेपरात वाचलं, मेट्रोचा आराखडा पुन्हा बदलणार आहे. म्हणजे पाचवा सर्व्हे. एक नवी एजन्सी शोधत शोधत माझ्याकडे आलीच! पण दगूभाऊच्या गुडघ्याचं दुखणं वाढलंय, तो येणार नाही. फुलबाजारात सुमनताई भेटल्या तेव्हा सहज म्हणालो, ताई, परत तुमच्या वळणावर यायचंय, पट्टी धरायला तिकडचं कुणी माणूस मिळेल का?

त्यांनी माझ्या हातात दोन हार ठेवले आणि म्हणाल्या, "माणूस कशाला शोधता साहेब? आमच्याकडं हाय की."